तुमच्याकडे उजेड कसा आहे

अकरा हजार टॉवेल, एकच हिरवा.
रंगाला नाव नव्हतं, नंबर होता: चारशे सतरा.
तो मी सगळ्यांना एकदमच पाठवला
आणि अक्कलकोट रोडच्या ऑफिसात पंखा तीनवर करून
निवांत बसले. काम वाटून दिलं की झालं,
असं वाटायचं तेव्हा.

सूत रंगायचं चिंचोळीत, हत्तुरेंच्या डाइंगमध्ये.
विणायचं नीलमनगरात, येमुलांच्या बारा मागांवर.
काठ शिवायचे कुंभारीच्या घरकुलात,
नसीमआपा आणि तिच्या आठ बायका.
नक्षी पुण्याच्या ऋजुताची, जिला मी
आजवर गळ्याच्या खाली पाहिलेलं नाही.
पैसे हांबुर्गच्या इंगेबाईंचे.

रोज दुपारी दीडला सगळे फोनवर.
मी विचारायची, समजलं ना?
इंगेबाई यस, हत्तुरे हौद्री,
येमुल अवुनु, ऋजुता हो हो, आपा हौ.
पाच होकार मी वहीत एकाखाली एक लिहायची
आणि खाली रेघ ओढायची, जणू बेरीज झाली.

येमुलांचं अवुनु म्हणजे ऐकू आलं, एवढंच.
मागांच्या खडखडाटात तेही कमी नाही.
हत्तुरेंचं म्हणजे, बघू बॉयलर काय म्हणतो.
ऋजुता दुसऱ्याच खिडकीत काहीतरी टाइप करत असायची.
इंगेबाईंच्या यसनंतरचा बट
लाइन खराब, माझ्यापर्यंत यायचाच नाही.
आणि आपाचं हौ म्हणजे, तू विचारलंस म्हणून.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात गठ्ठे आले.
गच्चीवर उलगडले. चव्वेचाळीस अंश, पांढरं ऊन.
टॉवेल एका हिरव्याचा, काठाचा दोरा दुसऱ्याच.
शेवाळ आणि शेपू.
दोन हजार नग.

रिक्षा करून कुंभारीला गेले, भांडायलाच.
आपाने आधी पाणी दिलं,
मग कडक भाकरीवर शेंगांची चटणी,
मग म्हणाली, "हमकू मालूम था."
मग बोलली का नाहीस?
"तुम पूछे, समझा क्या. समझा तो था."

दिवसा विड्या वळायच्या, काठ रात्री.
ट्यूबलाइटखाली दोन्ही हिरवे सख्खे भाऊ,
सकाळी दारात धरले की
ओळख ना पाळख.

ताणाबाणा, एकाच वस्त्राचे धागे वगैरे
चेंबरच्या सत्काराला ठीक आहे.
इथे दोन हजार काठ उसवायचे होते
आणि उसवण्याची मजुरी कोण देणार,
यावर फोनवर पाचही जण गप्प.
शेवटी मी म्हटलं, मी.
तेव्हा कुठे हत्तुरे खाकरले,
दोऱ्याचा तो लॉट, म्हणाले, मलाही जरा शंका होती.

एका टॉवेलाच्या पाच चिंध्या केल्या, पाच ठिकाणी धाडल्या.
आणि समजलं ना विचारणं सोडलं.
आता दीड वाजता विचारते,
तुमच्याकडे उजेड कसा आहे?

पहिल्या दिवशी हसले.
मग येमुल म्हणाले, एकच खिडकी, तीही पश्चिमेला.
हत्तुरे म्हणाले, वाफ.
ऋजुता, स्क्रीनचा, ताई, रात्रंदिवस तोच.
आपा म्हणाली, अभी है, सात के बाद नहीं.
इंगेबाई बराच वेळ थांबल्या. ढग, म्हणाल्या,
एप्रिलपासून नुसते ढग.
आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मनात आलं,
हे टॉवेल कुठल्यातरी राखाडी सकाळी
कुणाच्यातरी ओल्या पाठीला लागणार आहेत.

काल रात्री साडेदहाला येमुलांचा फोन.
मीटिंग नव्हती, काही नव्हतं.
"ताई, गुरुवारी माल नाही होणार.
जॉबर करीमनगरला गेलाय, चार माग बंद.
नाही म्हणजे नाही."

वही काढली. तारीख घातली.
तो नकार चांगल्या अक्षरात लिहिला, खाली रेघ न ओढता.
मग इंगेबाईंना कळवायला बसले.
तिकडे सात वाजले होते,
अजून दिसत असेल.